रानहंसाची शेपटी

रविवारी चहा झाला की मी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरतो आणि छाओ छुआन या चिनी अधिकाऱ्याच्या गौरवाचा शिलालेख कुंचल्यानं गिरवायला बसतो. मूळ शिला इसवी सन 185 मधली, पूर्व हान काळातली. आज ती शीआनच्या पेइलिन संग्रहालयात आहे. माझ्याकडे तिच्या ठशांचं पुस्तक आहे, काळ्या शाईवर पांढरी अक्षरं.

ही लीशू, म्हणजे कारकुनांची लिपी. अक्षरं बुटकी, दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरलेली. मुख्य आडव्या रेघेची सुरुवात रेशीमकिड्याच्या डोक्यासारखी गोल आणि शेवट रानहंसाच्या शेपटीसारखा वर गेलेला. त्यासाठी कुंचला आधी थोडा उलटा, डावीकडे न्यायचा, मग उजवीकडे वळवायचा. शेवटाजवळ हळूहळू दाब वाढवायचा आणि तिरका उचलायचा. शाळेत मी बोरूनं कित्ता काढलाय. तिथे जाड-बारीक रेघ बोरूच्या कापामुळे येते, इथे सगळं हाताच्या दाबावर. आणि एका अक्षरात अशी शेपटी एकच. बाकीच्या रेघा तिच्यासाठी गप्प राहतात, हे मला फार सुंदर वाटतं.

शिलेची मागची बाजूही मी तासन्‌तास बघतो. तिथे शिलेसाठी वर्गणी देणाऱ्यांची नावं आहेत, पुढे रक्कम. कुणाचे 500, कुणाचे 200. पण 200 वाल्याचं अक्षरही तितक्याच निगुतीनं कोरलंय.

आज फक्त चिनी 'एक' काढला. एकच आडवी रेघ, चाळीस वेळा. अडतिसाव्या वेळी शेपटी हवी तशी उठली.