पायथ्याची दोरी

बाज आता दिवाणखान्यात आली आहे. शोरूममध्ये तिला 'डे-बेड' म्हणतात, चौकट जुन्या वाड्याच्या सागवानाची असते, विणकाम तागाच्या दोरीचं, आणि किमतीची चिठ्ठी उलटून बघायचा धीर होत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात कुणीतरी साधी बाज ९९० डॉलरला विकायला काढली, तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. आता आपणच पाकीट काढून उभे आहोत.

लाकडाबद्दल माझी तक्रार नाही. जुनं सागवान मिळत असेल तर घ्यावंच. तुळई म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माळवद पेललेल्या लाकडाचं फुगणं, आकसणं, वाकडं होणं जे काय व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. अंगचं तेल असल्यामुळे वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही. मधूनच एखाद्या खिळ्याचं भोक दिसतं, भोवती लोखंडाचा काळा डाग. सुतार ते बुजवायला निघाला तर त्याला थांबवावं.

माझा जीव अडकतो तो विणकामात. बाजेची सगळी अक्कल दोरीत आहे. बाळंतिणीला बाजच का द्यायचे? खाली शेगडी ठेवायची, निखाऱ्यावर ओवा नि बाळंतशोपा टाकायच्या, की धग आणि धूर जाळीतून थेट पाठीला. गादीच्या पलंगावर हे करून बघा! ढेकूण झाले तर बाज अंगणात उभी करून उकळतं पाणी ओतायचं. उन्हाळ्यात पाठीला खालून वारा लागतो तो वेगळाच.

ही दोरीही सहज होत नसे. अंबाडी किंवा घायपात पाण्यात कुजवायचं, बडवून वाख काढायचा, मग पीळ देत दोर वळायचा. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानं केलं, आणि त्या कौशल्याला गावानं कधी कलाकुसर म्हटलं नाही. काथ्याचा सुंभ मात्र कोकणातला, नारळाच्या सोडणाचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पीळ जात नसेल, ताण मात्र जातो. माणसं बसतात, पोरं नाचतात, बाज झोळते. म्हणून विणणारा वीण पायथ्याच्या दांड्यापर्यंत नेतच नाही. थोडी अलीकडे, एका जाड आडव्या दोरीवर ती संपवतो, आणि ती दोरी नि दांडा यांच्यामध्ये दुसरी दोरी नुसती ओवून ठेवतो. बाज सैल पडली की दांड्याला पाय लावायचा, एकेक वेढा ओढत जायचं, शेवटी गाठ. वीण उसवायला नको, कारागीर बोलवायला नको. फक्त सगळीकडे सारखं ओढावं लागतं, नाहीतर चौकट पिळवटते आणि एक पाय अधांतरी राहतो. मग वर बसणारा दिवसभर डुगडुगतो.

शोरूममधल्या त्या देखण्या बाजेत मी पायथ्याकडे वाकून पाहिलं. दोरी चारही बाजूंनी दांड्याला गुंडाळून खालून पिना मारलेल्या. विक्रेत्याला विचारलं, सैल झाली तर?

"सैल होणारच नाही, सर. आणि झालीच तर आम्ही एक्स्चेंज देतो."

सागवानाच्या चौकटीसकट एक्स्चेंज! मी विचारलं, नुसती चौकट विकता का? त्यानं मॅनेजरला हाक मारली.