आजी म्हणाली, दुखत नाही

बाबा गेले त्यानंतरच्या पहिल्या आषाढात मी वारीला गेलो, देव मानत नसताना. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रजा मिळाली तेवढीच म्हणून पुणे ते फलटण चाललो. बाबा गिरणी कामगार, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच, पण त्या वर्षीही त्यांनी वारी चुकवली नाही. चुकली ती 2020 ला, कोरोनात पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या तेव्हा. टीव्हीसमोर बसून रडले आणि म्हणाले, बरोबर केलं, माणसं आधी जगली पाहिजेत.

आमचं खरं वाजलं ते 2013 मध्ये. मी अंनिसच्या, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जायचो. 20 ऑगस्टला सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आणि बाबा विचारतात, तुमचा तो जादूटोणाविरोधी कायदा आला की वारी बंद करणार का रे? दिंडीत कोणीतरी भरवलं होतं. डिसेंबरमध्ये कायदा पास झाला तेव्हा त्यांना बसवून वाचून दाखवला, की यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही, गुन्हा आहे तो नरबळी, भूत उतरवायला मारहाण, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं. बाबा म्हणाले, मग यात आमच्या विरोधात काय आहे? काहीच नाही बाबा, तेच तर सांगतोय.

दिवे घाटात टाच गेली. सासवड, जेजुरी, भंडारा, सगळं एकात एक मिसळलंय. लक्षात राहिला तो राग, रस्ताभर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फ्लेक्स, फुकटच्या रेनकोटवरसुद्धा त्यांचाच फोटो, आणि पुढच्या गावात बायकांना आडोशाला जायला धड जागा नाही.

वाल्ह्याच्या रस्त्याला दुपारी एका बाभळीखाली बसलो, बूट काढला तर फोड लिंबाएवढा. शेजारी परभणीकडची एक आजी होती, तुळस बाजूला ठेवून पाणी पीत होती. फोड बघितला आणि पिशवीतून सुई-दोरा काढला. वारीत हा उपाय सगळ्यांना माहीत आहे, फोडातून दोरा आरपार ओवायचा आणि आतच ठेवायचा, पाणी झिरपत राहतं, वरची कातडी तशीच राहते. कातडी ठेवतात ते बरोबरच आहे, त्याहून चांगली पट्टी नसते. पण दोरा म्हणजे जंतूंना आत जायला वाट, मी रोज प्लेटवर तेच वाढवतो आणि बघतो. म्हटलं, आजी, सुई आधी उकळा. ती काही बोलली नाही, चहावाल्याकडे गेली, पाणी उकळवून घेतलं, सुई टाकली, दोरा टाकला, परत येऊन माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मला ओशाळल्यासारखं झालं, आईनंतर माझा पाय कोणी असा धरला नव्हता. हात थरथरत होता तिचा, पण सुई एका दमात पार.

मग तिने पाय लांब केला तेव्हा दिसलं. अंगठ्याखाली खड्डा, कडा पांढऱ्या, मधे काळपट, वासही होता. म्हटलं, आजी हे कधीपासून? म्हणाली, "दुखत न्हाई लेकरा, माउलीची किरपा."

शुगर आहे का विचारलं. हाय म्हणाली, पण गोळ्या सोडल्यात. कोणा महाराजाने सांगितलं, वारीला निघालीस तर गोळी कशाला, अंगारा खा. दोन महिने झाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शुगरने पायाच्या नसा मरतात, मग खिळा घुसला तरी कळत नाही, म्हणून दुखत नाही, त्यात कृपा कसली. दुखलं असतं तर ती थांबली असती. हे मी तिला तसंच सांगितलं, मोठ्या आवाजात, चार माणसं थांबली. ती म्हणाली, म्हंजे माउलीनं कायच न्हाई केलं? मला उत्तर देता आलं नाही, द्यायचं नव्हतं म्हणा.

सरकारी आरोग्य पथकाच्या तंबूपर्यंत तिला धरून नेलं, मी लंगडत, ती ताठ. डॉक्टरीणबाईंनी शुगर मोजली, जखम धुतली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की आता एक पाऊलही चालायचं नाही, दिंडीच्या ट्रकमध्ये बसा, उद्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. त्यावर ती रडली. मला म्हणाली, "माझी वारी मोडलीस तू." बावीस वर्षांत तिने कधी ट्रकला हात लावला नव्हता.

रात्री तंबूत झोप लागली नाही. बाबांना साने गुरुजींचं भारी होतं, 1947 मधे पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं ते बाबा दरवर्षी सांगायचे, आणि पंढरपूरला गेले की आधी चोखोबांच्या समाधीपाशी. बाबांनी त्या आजीला काय सांगितलं असतं तेच डोक्यात.

नीरेचं स्नान झालं. लोणंदला तिच्या दिंडीचा ट्रक दिसला. ती मागच्या फळीवर बसलेली, पाय पॉलिथीनच्या पिशवीत बांधलेला, मांडीवर तुळस. मुलगा आला होता गावाहून, म्हणाला, सकाळी गोळी घेतली, डॉक्टर म्हणतात बोट वाचेल बहुतेक. मी हात वर केला. तिने मला बघितलं आणि तोंड फिरवलं.

पलीकडे टाळ सुरू झाले. माझ्या पिशवीत बाबांचे टाळ होते, पुण्यापासून एकदाही बाहेर काढले नव्हते. काढले, आणि ट्रक हलेपर्यंत सगळ्यांबरोबर ज्ञानोबा-तुकाराम म्हणत राहिलो, तिला ऐकू जाईल एवढ्या जोरात.