पितळी सूक्ष्मदर्शक आणि कासचा चिखल

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अंबाल्याचे नवे सूक्ष्मदर्शक होते. त्यांना बाईंच्या परवानगीशिवाय हात लावायची सोय नव्हती. जुना पितळी मात्र कुणीही घ्यावा. साहजिकच मी शिकलो तो त्याच्यावर.

दिसायला तो थेट शेराचं माप. खाली पोकळ नळकांडं, उजेड यावा म्हणून त्याला पुढून खाच, आत तिरका करता येणारा अंतर्गोल आरसा. फोकसला चाक नाही. नळीच फिरवत फिरवत हलक्या हाताने खाली सरकवायची. टोकाला आट्यांची तीन इवलाली भिंगं. एक काढलं की वस्तू लहान दिसे, पण जास्त भाग नजरेत येई. यंत्र कसं चालतं हे वेगळं शिकवावंच लागलं नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात असे ड्रम सूक्ष्मदर्शक नवशिक्यांसाठी ढिगाने बनले. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने तर स्वस्त सूक्ष्मदर्शकासाठी बक्षीसच लावलं होतं. 1855 मध्ये ते बर्मिंगहॅमच्या फील्ड यांना मिळालं. त्यांचा शाळकरी नमुना साडेदहा शिलिंगांचा. आमच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. तो राजवाड्यातून आला म्हणत. साताऱ्यात कुठलीही जुनी वस्तू राजवाड्यातूनच येते.

बाईंचा दंडक होता: आरशावर ऊन घ्यायचं नाही, डोळा जाईल, पांढऱ्या ढगांचा उजेड घ्यायचा. पावसाळ्यात तो आमच्याकडे मुबलक. कासला तेव्हा तिकीट नव्हतं की कुंपण. तिथून बाईंनी ‘सीतेची आसवं’ या रानफुलाचं एक रोप चिखलासकट डब्यात आणलं. पाण्यात हळूच धुतल्यावर खालच्या धाग्यांना बारीक फुगे दिसले. नळी सरकवली तर प्रत्येक फुग्याला तोंड, तोंडाला झडप! हे रोप किडे खातं. फुग्यातलं पाणी आधीच बाहेर काढलेलं असतं. झडपेजवळच्या केसांना एखादा बारीक जीव शिवला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. तसं घडताना आम्हाला अर्थातच दिसलं नाही. कडेला निळी-जांभळी झालरही होती, स्वस्त भिंगांची खोड. पण एका फुग्यात कुणाचे तरी पाय अडकलेले स्पष्ट दिसले, आणि त्यावरून वर्गात रांगेसाठी भांडणं झाली.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात हा जुना सूक्ष्मदर्शक मांडणार असं कळलं. संयोजकांना विनंती: पितळ चिंचेने घासू नका, वरचं जुनं लाखेचं पॉलिश जाईल. भिंगं मऊ कोरड्या ब्रशने झाडा. आणि काचेच्या पेटीऐवजी तो खिडकीपाशी टेबलावर ठेवा, शेजारी कांद्याचा पापुद्रा आणि टिंक्चर आयोडीनची बाटली.