प. खा. म्हणजे पंखा नव्हे

धुळ्याच्या आमच्या म्युझियमचा सगळा डेटा नव्या सॉफ्टवेअरमधे टाकायचाय म्हणून दोन महिने मी एक्सेल साफ करतेय. जुनी रजिस्टरं टाइप करायला बाहेर दिली होती, त्या पोरांनी एकही वस्तू डोळ्याने पाहिलेली नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या कॉलममधे जिथे जिथे "प. खा." होतं तिथे झालं "पंखा". पश्चिम खानदेश हो, आजचे धुळे आणि नंदुरबार मिळून होता तो जुना जिल्हा! 41 वस्तू पंखा जिल्ह्यातल्या.

त्यात एक्सेलचं शहाणपण वेगळंच. आमचा नोंदणी क्रमांक 7/58 म्हणजे 1958 सालची सातवी वस्तू, एक्सेल म्हणे जुलै 58. पण 13/58 पासून पुढचं सगळं ठीक, कारण तेरावा महिनाच नसतो! म्हणजे बिघडल्या त्या फक्त पहिल्या 12. हे कळायला मला तीन दिवस लागले. मग कॉलम आधी टेक्स्ट केला आणि रजिस्टर मांडीवर घेऊन नंबर हाताने भरले.

तिथेच 7/58 वर अडकले. पावरी आहे, कोकणा आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, भोपळा आणि बांबूची, जोडावरचं मेण काळं पडलंय, त्यावर पांढऱ्या रंगात बारीक नंबर. रजिस्टरात गावच नाही, नुसतं प. खा. आणि नव्या सिस्टिममधे आजचेच जिल्हे, एक निवडावाच लागतो. नंदुरबार तर 1998 ला धुळ्यातून निघाला, 58 साली लिहिणाऱ्याला काय माहीत. कोकणा लोक धुळ्यातल्या साक्रीकडे पण आहेत आणि नंदुरबारातल्या नवापूरकडे पण. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणतो, "मॅडम, धुळे टाकून द्या ना, नंतर बदलू." नंतर कोण बदलतं?

आमचे अटेंडंट तात्या डबा खात होते, मान वर न करता म्हणाले, "ताई, हाई पावरी ते नवापूरनी शे."

त्यांचे वडील इथेच शिपाई होते. फडक्यात गुंडाळलेली ही पावरी त्यांनीच नवापूरच्या गाडीतून उतरवून घेतली होती म्हणे. मी लगेच नंदुरबार निवडलं. सेव्ह करणार तेवढ्यात डोक्यात आलं, नवापूरची गाडी धुळ्याला येते ती साक्रीवरूनच की!

तात्यांना हे बोलले तर त्यांनी डबा बंद केला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचंच बरोबर असेल, पण मी लिहू कशाच्या जोरावर? "सांगोवांगी" असा पर्याय त्या ड्रॉपडाउनमधे नाहीये. जिल्हा रिकामा ठेवून बघितला, तर ओळ सेव्हच होत नाही.