बेल्ट मोजून पाहिला, चेन झाकून टाकली : नोंद चौथी

4 मे. ओडोमीटर 48,210. इंजिनचं काम गेल्या नोंदीत संपलं, आता मागच्या चाकाकडे वळलो. गाडी तीच, बाबांची शंभर सीसी मोटरसायकल, रोज चिपळूण-गुहागर रस्त्यावर चाळीसेक किलोमीटर धावणारी.

चेन उतरवली, रॉकेलात धुतली, खिळ्याला टांगून ताणली आणि मोजली. 428ची चेन, पिच (एका दुव्यापासून पुढच्या दुव्यापर्यंतचं अंतर) 12.7 मि.मी., म्हणजे 20 दुवे 254 मि.मी. भरायला हवेत. भरले 259. दोन टक्के ताण म्हणजे सेट (चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) गेला. मागच्या स्प्रॉकेटचे दातेही एका बाजूला झुकलेत. वाईट याचं वाटलं की हा सेट जेमतेम 9,000 किलोमीटर चालला. त्याआधीचा 21,000 चालला होता.

नवा सेट आणण्याआधी, बरेच दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट एकदा नीट तपासायची ठरवली. या गाडीला दात्यांचा बेल्ट बसेल का? तेल नको, पँटवर काळे शिंतोडे नकोत, आवाज नाही. रिव्होल्ट आरव्ही 400 आणि एथर 450 या विजेच्या गाड्या बेल्टवरच चालतात. पेट्रोलच्या लहान गाड्यांत ऐंशीच्या दशकातली कावासाकी जीपीझेड 305 बेल्टवर होती. त्यामुळे कल्पना हवेतली नाही. (पेट्रोलच्या स्कूटरचा बेल्ट वेगळा. तो व्हेरिएटरमध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या पुल्यांमध्ये, घर्षणावर ओढतो, हा दात्यांवर ओढतो. दोघांची तुलना करू नका.)

7 मे. आधी कागदावर हिशेब. इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 8 न्यूटन-मीटर धरला. प्रायमरी (इंजिन ते गिअरबॉक्सचं प्रमाण) 3.35, पहिला गिअर 2.83. गुणाकार केला की पुढच्या स्प्रॉकेटवर साधारण 76 न्यूटन-मीटर येतो. 14 दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या 28.5 मि.मी., म्हणजे चेनवर ओढा येतो सुमारे 270 किलोचा. एवढीशी गाडी चढावर क्लच सोडताना पावणेतीन क्विंटल ओढते! हा आकडा मी तीनदा तपासला.

बेल्टवर हा ओढा कमी करायचा तर पुली मोठी हवी. 8 मि.मी. पिचच्या बेल्टला पुढे 28 दाते घेतले तर व्यास 71 मि.मी. होतो आणि ओढा 217 किलोवर येतो. पण चेनला पुढे 14, मागे 42 आहेत. तेच प्रमाण राखायला मागे 84 दाते लागतात, व्यास 214 मि.मी. सध्याचं मागचं स्प्रॉकेट 170चं आहे, म्हणजे ती पुली फार मोठी पडते. पुढे 22 आणि मागे 66 दाते घेतले तर व्यास जवळपास चेनइतकेच, 56 आणि 168. मग ओढाही परत 270 किलो. त्यासाठी 21 मि.मी. रुंदीच्या बेल्टवर माझं मन धजावत नाही, 36 रुंदीचा घ्यायला हवा. तेवढी जागा टायर आणि चिमटा (मागचं चाक धरणारी, खाली-वर हलणारी दुहेरी भुजा) यांच्यामध्ये नाही. फूटपट्टी घालून पाहिली.

11 मे. आजचा दिवस सगळ्यात जास्त शिकवून गेला. दोन्ही शॉकअप काढले आणि मागचं चाक हाताने खाली-वर करत प्रत्येक जागी पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजलं. चिमट्याची पिन स्प्रॉकेटच्या 75 मि.मी. मागे आहे, चिमट्याची लांबी 440. तिन्ही केंद्रं एका रेषेत असताना अंतर सर्वांत जास्त. तिथून चाक 76 मि.मी. हललं की अंतर जवळजवळ 1 मि.मी.ने कमी होतं.

चेनला 1 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, तिला आपण मुळातच 20-25 मि.मी. ढील देतो. कार्बनच्या दोऱ्यांचा बेल्ट मात्र ताणत नाही. रेषेतल्या जागी ताण बरोबर ठेवला तर इतर जागी तो ढिला पडून पुढच्या छोट्या पुलीवर दाता उडी मारू शकतो. इतर जागी घट्ट ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बोजा. मोठ्या गाड्यांत पुली मोठ्या असतात, दाते जास्त गुंततात, म्हणून तिथे हे निभावून जातं.

शेवटचा मुद्दा आपल्या रस्त्याचा. बीएमडब्ल्यूने 798 सीसीच्या एकाच ट्विन इंजिनवर एफ 800 एस आणि एसटी बेल्टवर काढल्या, पण खडीमातीसाठीच्या एफ 800 जीएसला चेन दिली. आमच्या वाडीतला शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याच्या खडीचा. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये एक खडा अडकला तर दोऱ्याच तुटू शकतात. चेनमध्ये अडकला तर ती कुरकुरते आणि पुढे जाते.

लेथवाले काका सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "पट्ट्याला लॉक नसतं रे. गुहागरच्या वाटेत तुटला तर चिमटा कुठे सोडणार?" खरं आहे. बेल्ट अखंड असतो आणि चिमट्याची भुजा त्याच्या वेढ्यातून जाते. चेनचं लॉक, म्हणजे तिची टोकं जोडणारा सुटा दुवा, माझ्या टूलकिटमध्ये पडून असतं.

मग तो 9,000 किलोमीटरचा आकडा पुन्हा समोर आला. 21,000 चाललेल्या सेटवर पत्र्याचं बंद चेन कव्हर होतं. त्यानंतर गाडी हलकी दिसावी म्हणून मी ते काढलं. चेन, तेल, रस्ता, चालवणारा, सगळं तेच होतं. बेल्टकडून मला हवं होतं ते, म्हणजे कोरडी पँट, कमी आवाज, कमी देखभाल, यातलं बरंचसं गाडीसोबतच आलं होतं.

18 मे. माळ्यावरून कव्हर काढलं. खालच्या अर्ध्याला पोचा होता, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ केला. आतून रेड ऑक्साइड मारलं. पाणी साचू नये म्हणून सगळ्यात खालच्या जागी 5 मि.मी.चं भोक पाडलं. चेन बघायच्या भोकाचं रबरी बूच नवं आणलं, जुनं चिरलेलं होतं आणि तिथूनच माती आत जात असावी. मागच्या चाकातले, झटका शोषणारे ड्रम रबरही बदलले. ते सैल असले की प्रत्येक गिअरला झटका थेट चेनवर जातो.

नवा सेट तोच, 14 आणि 42. लॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवलं. 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने, रोलरवर. मी गाडीवर बसलेलो असताना खालच्या पदराचा ढील 22 मि.मी.

चालवून पाहिली. चौथ्या गिअरमध्ये पन्नासला आता टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हच्या टकटकीचा) आवाज ऐकू येतो, इतके दिवस तो चेनखाली दबला होता. टॅपेट पुढच्या रविवारी.

नव्या चेनचे 20 दुवे 254.2 भरले. पुढचं माप पहिला पाऊस झाल्यावर, लॉक काढून, त्याच खिळ्यावर.