डब्यात कचरा का भरता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही पहिले नाही. सोलापुरात साखर पेठेतल्या माझ्या वरच्या खोलीत जो येतो तो पाच मिनिटं माझी छोटी, मॉडेलची मालगाडी फिरताना बघतो, आणि मग हटकून: "इंजिनाला एवढे पैसे घातलेत, मग डब्यात कचरा का भरता? तयार माल मिळत नाही का?"

मिळतो. इतकी वर्षं मी "मिळत नाही हो" म्हणून वेळ मारून नेत होतो, ते खोटं. परदेशातून मागवला की रंगवलेला, नेमका डब्यात बसणारा माल घरपोच येतो. पण तो ओंडक्यांचा, फळ्यांचा. ज्वारीची पोती त्यात नसतात. आणि दुसरं, मी चिक्कू आहे. हे बायको सांगेलच, मीच सांगितलेलं बरं.

कचरा म्हणता त्यालाही मेहनत लागते. माझं प्रमाण 1:87, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. मीटरभराचं पोतं साडेअकरा मिलिमीटरचं होतं. एम-सीलच्या गोळ्या वळायच्या, ओल्या असतानाच जुन्या बनियनच्या कापडावर दाबायच्या, म्हणजे विणीचा ठसा उठतो. कापसाच्या गाठींना आत थर्माकोल, वर बँडेजची जाळी आणि बांधायला पॉवरलूमखाली पडलेलं सूत. कोळसा इस्त्रीवाल्याचा, कुटून चहाच्या गाळणीनं चाळलेला. लाकडी कोळशाला दगडी कोळशाची चकाकी नसते, हे मलाही दिसतं. होटगीकडं वीज केंद्राला जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या मीही बघतो. पण पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की गोंद ढिगावर न थांबता आत झिरपतो, आणि वाळल्यावर पुरेसं काळं दिसतं. खाली एक वॉशर चिकटवायचा, म्हणजे वरून लोहचुंबक धरला की अख्खा ढीग उचलता येतो. वजनाचाही हिशेब आहे. डब्याला 28 ग्रॅम, वर लांबीच्या दर इंचाला 14. पाच इंची डबा शंभराच्या आत-बाहेर बसला पाहिजे, नाहीतर वळणावर रुळावरून उतरतो.

साखर बंद डब्यातून जाते. ते डबे रिकामे ठेवले तरी कुणाला कळणार नाही. मी आत पोती भरली आहेत. का, ते विचारू नका.

(दोन रुळांमधल्या अंतरावरून छेडणारे वेगळे. हो, 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर आपली ब्रॉडगेज बसत नाही, एकोणीसच्या वर हवेत. पण कोपऱ्यात नऊ मिलिमीटरवर बार्शी लाइट धावते, बार्शीची ती जुनी छोटी गाडी. तिची अडीच फुटी नॅरोगेज या प्रमाणात पावणेनऊला येते. तिथं बोला.)

आता खरं कारण. बरीच वर्षं झाली, एका शाळेच्या प्रदर्शनात मी टेबल मांडलं होतं. मागं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 'टाकाऊतून टिकाऊ', आणि पोरांना सांगत होतो, "घरात टाकाऊ असं काही नसतंच!" टाळ्या पडल्या. त्या माणसाला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं, टाकाऊ काहीच नसतं म्हणजे काय? सगळं तुझंच असतं का?

त्याच काळात मला उघड्या डब्यात भंगाराचा माल हवा होता. भंगार सोपं वाटतं, पण रंगवलेला गंज रंगवलेलाच दिसतो. खरा गंजका, पातळ पत्रा हवा. माळ्यावरच्या डबड्यात तो सापडला. चार बोटं लांब, मधोमध तांबूस, कडा मात्र घासून झिजलेल्या. तीन-तीन, चार-चार मिलिमीटरचे तुकडे केले, काही पकडीनं पिळले, घड्याळाची दोन चाकं त्यात टाकली. इतका चांगला माल मी त्याआधी केला नव्हता. नंतरही नाही.

तो आईचा, विड्या वळताना पानं कापायचा फरमा होता.

तिनं विड्या वळणं सोडून अकरा वर्षं झाली होती. फरमा भंगाराच्या डबड्यात होता. त्यावर नाव नव्हतं. हे सगळं मी तेव्हा बायकोला तावातावानं सांगितलं, आजही सांगू शकतो. पण हातात आल्याआल्या मी तो ओळखला होता. भिजलेलं पान, वर फरमा, भोवतीनं फिरणारी कात्री, हे बघत ज्यानं पाढे पाठ केले त्याला ओळखायला किती वेळ लागतो? मला गंज आवडला, एवढंच.

गड्ड्याच्या जत्रेआधी आईनं डबडं खाली काढलं. "माझा फरमा कुठं गेला रं?"

"तुला आता कशाला हवाय?"

"कशाला म्हंजे? माझा हाय."

शेवटी मी डबा आणून तिच्या हातात दिला. लोहचुंबकानं माल उचलून तळहातावर ठेवला. तिनं चष्मा लावला. बराच वेळ बोटानं ते तुकडे चाचपले. मग विचारलं, "ह्यातला माझा कुठला?"

मला दाखवता आला नाही. सगळे सारखेच दिसत होते. घड्याळाची चाकं तेवढी वेगळी.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "चांगलं झालंय," म्हणाली आणि माल परत डब्यात ठेवायला गेली, तर तो तिरका बसला. मी नीट केला.

तेव्हापासून ती मला स्वतःच सामान आणून देते. औषधाची रिकामी पाकिटं, संपलेली रिफिल, तुटकी पिन. प्रत्येक वेळी एकच वाक्य: "घे, हे टाकायचंच हाय." ही माफी की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पाकिटांच्या चंदेरी कागदापासून पत्र्याच्या गुंडाळ्या मात्र झकास होतात.

तर विकत का आणत नाही? आणायला हवा होता कदाचित. एक डबा तरी. पण मग त्या डब्यात काही बघण्यासारखं राहिलं असतं असं वाटत नाही, आणि असं वाटतं याचीच लाजही वाटते. दोन्ही एकदम. तो डबा गाडीतून काढून टाकावा असं दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा आठवड्याभरात परत लावला.

तुम्हीही त्याच डब्याचा फोटो काढलात. हा गंज कसा आणला, विचारलंत. मी म्हणालो, लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा आणि ते पाणी ब्रशनं लावायचं. तसाही येतो. करून बघा.