तीन पट्ट्यांचा मासा

मागच्या मे महिन्यात आमच्या घरचा फुलपाखरू मासा उपाशी मेला. रोज दोनदा खायला घालत असूनही.

नागपुरात समुद्री टँक ठेवायचा म्हणजे बाहेर 45 आणि पाण्यात 26. चिलर, त्याला इन्व्हर्टर, आरओच्या पाण्यात मोजून कालवलेलं मीठ, सगळं मी जिवापाड सांभाळलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "फुलपाखरू आहे भाऊ, काहीबी खाते." मुलगी आर्टेमिया, म्हणजे माशांना घालायच्या इवल्या कोळंब्या, सोडायची. मासा टोकदार तोंड पुढे करून जवळ यायचा, बघायचा, आणि वळून मागच्या ओक्याबोक्या दगडावर टोचत बसायचा. आठवड्याभरात पोट खपाटीला गेलं. सतराव्या दिवशी तो गेला. मुलीनं विचारलं, "बाबा, तो त्या दगडात काय शोधून राहिला होता?"

उत्तर त्याच्या नावात होतं, आणि नाव मी विचारलंच नव्हतं. फुलपाखरू मासे म्हणजे एक अख्खं कुळ, सुमारे 130 जातींचं. त्यातला कीटोडॉन ऑरिगा किडे, अळ्या, शेवाळ, मिळेल ते खातो आणि टँकमध्ये रुळतो. आमचा होता कीटोडॉन ट्रायफॅसिएटस, म्हणजे तीन पट्ट्यांचा. हा जिवंत प्रवाळांचे पॉलिप, म्हणजे प्रवाळ ज्यांचं बनतं ते इवले जीव, टिपतो, जवळपास तेवढंच. केसासारखे बारीक दात त्याच कामाचे. दगडावर तो पॉलिप शोधत होता. भारतात खडकाळ प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्याचं जेवण माझ्या घरी कधी येणारच नव्हतं, यायलाही नको.

प्रशांत महासागरात याचा जुळा शोभेल असा भाऊ आहे, लुन्युलॅटस. बरीच वर्षं दोघं एकच जात समजले जायचे. मी मोबाईलमधले फोटो मोठे करून पाहिले. शेपटीच्या बुडाशी नारिंगी रंग होता, म्हणजे आपल्या हिंदी महासागरातला. लक्षद्वीपलाही हा असतो. 1998 मध्ये तिथले प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा ऑरिगाला दुसरं काही शोधता आलं असेल. तीन पट्ट्यांच्या या माशाचं मात्र काय होतं, ते मी घरीच पाहिलंय.

परवा त्याच दुकानात गेलो आणि फोटो दाखवून सगळं सांगितलं. दुकानदारानं नीट ऐकून घेतलं. "पुन्हा नाही मागवत," म्हणाला. त्याच्या मागच्या टँकमध्ये एक होता, शेपटीशी नारिंगी. काचेवर टोचत होता.